ठोक्याची नवी गोळी सुरू झाली की जुन्या गोळीचा डोस पुन्हा विचारा

डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी आठ-दहा वर्षं घेतलेली असते आणि तिचा कधी त्रास झालेला नसतो. मग ठोके फारच अनियमित पडायला लागले म्हणून डॉक्टर अमिओडॅरोन जोडतात. जुनी गोळी तीच, पॉवर तीच, घ्यायची वेळ तीच. तरीही पुढच्या काही आठवड्यांत रक्तातलं डिगॉक्सिन दीडपटीच्या वर, काहींच्या बाबतीत दुपटीवर जातं. माणसानं जास्त काही घेतलेलं नसतं. शरीरातून बाहेर पडणारं औषध कमी झालेलं असतं. मग इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली गोळीच अपाय करते, आणि घरात संशय मात्र नव्या गोळीवर किंवा जेवणावर घेतला जातो.

ही गोष्ट वैद्यकीय जगाला नवी नाही. १९८१ मध्येच तिची नोंद झाली आहे, आणि अमिओडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिन साधारण निम्म्यावर आणायचं हा सगळीकडचा शिरस्ता आहे. पण नवी गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांसमोर जुनी चिठ्ठी असायला तर हवी! आपल्या सीमाभागात ती बऱ्याचदा नसते. खानापूरचा माणूस एरवी बेळगावच्या सिव्हिलला किंवा केएलई हॉस्पिटलला दाखवतो, पण मुलाकडे गोव्याला गेला आणि तिथं धडधड वाढली तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, रायबागकडची माणसं मिरजेची रेल्वे पकडतात, आणि चंदगडची माणसं हद्द ओलांडून बेळगावला येतात. एकाच माणसाच्या फायली दोन-तीन राज्यांत. काही घरच्या कपाटात, काही लेकीच्या घरी. या सगळ्या चिठ्ठ्या एका जागी आणणारं माणूस घरातलंच असावं लागतं.

मी फार्मासिस्ट आहे, बेळगावात मेडिकलच्या काउंटरवर काम करतो. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे आणि खालचं काहीही वाचून कुणी स्वतःहून गोळी कमी, जास्त किंवा बंद करू नये. पण डॉक्टरांपुढे नेमकी माहिती ठेवणं आणि नेमका प्रश्न विचारणं हे घरच्यांना नक्की जमतं, आणि त्यानं जीव वाचतो.

पहिलं काम: पाकिटांवरचं बारीक नाव वाचा

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. रोजच्या, कधीमधी घ्यायच्या, गॅसच्या, अंगदुखीच्या, आयुर्वेदिक, सगळ्या. पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, त्याच्या आसपास बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅममध्ये पॉवर असते. आपल्याला ते बारीक नाव हवं. लॅनॉक्सिन म्हणजे डिगॉक्सिन, कॉर्डरोन म्हणजे अमिओडॅरोन, ॲसिट्रॉम म्हणजे ॲसिनोकुमॅरॉल, लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड. गाव बदललं की मेडिकलमधली कंपनी बदलते, आणि एकच औषध दोन नावांनी घरात येऊन दोन्ही सुरू राहिल्याचं मी पाहिलं आहे.

पाकिटावरचं नाव इंग्रजीत असतं आणि घरातल्या वयस्कर माणसांना ते वाचता येईलच असं नाही. कॉलेजला जाणाऱ्या नातवंडाला बसवून एका कागदावर यादी करून घ्या: मूळ नाव इंग्रजीत आणि मराठीत, पॉवर, किती वाजता, आठवड्यातले किती दिवस, कधीपासून, कुणी लिहून दिली. खाली मूत्रपिंडाच्या शेवटच्या तपासणीतलं क्रिएटिनिन आणि वजन लिहा. हा कागद आधार कार्डासारखा सोबत राहू दे, आणि त्याचा फोटो घरातल्या दोन-तीन मोबाइलमध्ये ठेवा.

'ठोक्याची गोळी' किंवा 'रक्त पातळ करायची गोळी' एवढं सांगून भागत नाही. ठोक्याच्या गोळीत डिगॉक्सिनही आलं आणि अमिओडॅरोनही. रक्त पातळ करायची म्हणून ॲस्पिरिनही घेतात आणि ॲसिट्रॉमही, आणि दोन्हींची खबरदारी अगदी वेगळी आहे.

पातळी वाढते ती का

डिगॉक्सिन शरीरात फारसं मोडत नाही. त्याचा बराचसा भाग जसाच्या तसा मूत्रपिंडातून लघवीवाटे जातो. ते बाहेर ढकलायला आतड्याच्या अस्तरात, यकृतात आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांत 'पी-ग्लायकोप्रोटीन' नावाचं प्रथिन काम करतं. विहिरीवर बसवलेल्या मोटारीसारखं ते चोवीस तास औषध उपसत असतं. अमिओडॅरोन ही मोटार मंद करतं. येणारं पाणी तेवढंच, उपसा कमी, म्हणून पातळी चढते. आतड्यातून रक्तात येणारं डिगॉक्सिनही थोडं वाढतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी भर.

इतर औषधांत असं झालं तर कदाचित निभावून जाईल. डिगॉक्सिनमध्ये निभावत नाही, कारण उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. हृदयाची पंपिंग कमी झालेल्या रुग्णात ती मिलिलिटरमागे ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. २ च्या वर गेली की विषबाधेची शक्यता बरीच वाढते. आणि पोटॅशियम कमी असेल तर 'नॉर्मल' पातळीलाही विषबाधा होऊ शकते, हे विसरू नका. डिगॉक्सिनसोबत लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, चालू असते तेव्हा पोटॅशियम घटायला वेळ लागत नाही.

अमिओडॅरोनचा स्वभाव आणखी एका बाबतीत वेगळा आहे. ते शरीरातल्या चरबीत साठत जातं. रक्तातलं निम्मं व्हायला त्याला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणून त्याचा डिगॉक्सिनवरचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, पण तिथंच थांबत नाही, पुढचे कित्येक आठवडे वाढत राहतो. पहिल्या आठवड्यात तब्येत ठणठणीत राहिली म्हणून गाफील राहता येत नाही.

पाच दिवसांची गोळी सात दिवसांची झाली तर

आपल्याकडे डिगॉक्सिन बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस लिहितात, शनिवार-रविवार सुट्टी. चिठ्ठीवर ते 'पाच भागिले सात' असं छोट्या अक्षरांत असतं. गाव बदललं, दवाखाना बदलला, आणि नव्या कागदावर फक्त 'रोज एक' एवढंच उतरलं की सुट्टी संपली. पाचाचे सात दिवस म्हणजे आठवड्याचा डोस सरळ ४० टक्क्यांनी वाढला. ज्यांची पातळी ०.७ होती त्यांची एकवर गेली. त्यातच अमिओडॅरोन आलं आणि पातळी सत्तर टक्क्यांनी चढली तर १.७. उन्हाळ्यात जुलाब झाले, मूत्रपिंडाचं काम मंदावलं, की २ ओलांडायला फार काही लागत नाही. यात कुणीही एक गोळीसुद्धा चिठ्ठीबाहेर घेतलेली नसते.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिगॉक्सिनच्या दिवसांना खूण करा. सुट्टीच्या वारांवर ठळक फुली. गोळी दिली की त्या तारखेवर टिक. विसरलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत.

डॉक्टरांनी निम्मी गोळी सांगितली तर ब्लेडनं तुकडे करू नका, ते सारखे होत नाहीत आणि इथं चिमूटभर फरकही मोजला जातो. ०.२५ मिलिग्रॅमची अर्धी म्हणजे ०.१२५. निम्म्या पॉवरची तयार गोळी मिळते का ते मेडिकलमध्ये विचारा, नसेल तर गोळ्या कापायचं छोटं कटर मागा.

नवी गोळी लिहून मिळते त्या दिवशी

तपासणीच्या खोलीतून उठण्याआधी यादी टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा: "डॉक्टर, ही नवी गोळी सुरू केल्यावर यातल्या कुठल्या जुन्या गोळीचा डोस बदलायचा?" उत्तर कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. "सगळं तसंच ठेवा" असं उत्तर आलं आणि यादीत डिगॉक्सिन व अमिओडॅरोन दोन्ही असतील, तर ही दोन नावं मोठ्यानं उच्चारून पुन्हा एकदा विचारा. यात कसला उद्धटपणा नाही. ओपीडीत दुपारपर्यंत रांग असते, डॉक्टरही माणूसच आहे, आणि बहुतेक डॉक्टर असा प्रश्न आला की थांबून यादी पुन्हा बघतात.

मग डिगॉक्सिनची पातळी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी पुन्हा कधी करायचं ते विचारा आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. अमिओडॅरोन किती दिवस किती वेळा घ्यायचं तेही स्पष्ट करून घ्या. ते सुरुवातीला जास्त देतात, पुष्कळदा २०० मिलिग्रॅमची गोळी आठवडाभर दिवसातून तीनदा, पुढचा आठवडा दोनदा आणि मग रोज एक. हा उतार समजला नाही की तीन वेळची गोळी महिनाभर चालू राहते. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरबाई कन्नडमध्ये भराभर समजावतात आणि आपण संकोचानं मान हलवतो, असं होऊ देऊ नका. 'ऊटद मुंचे' म्हणजे जेवणाआधी आणि 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर, एवढं आपल्याकडे सगळ्यांना कळतं. पण डोस कमी होत जाण्याच्या तारखा मराठीत किंवा नुसत्या आकड्यांत लिहून मागाव्यात. मागितल्या की देतात.

रक्त कधी द्यायचं

या तपासणीत वेळ चुकली की आकडा खोटा येतो. गोळी घेतल्यावर डिगॉक्सिन आधी रक्तात चढतं आणि तिथून हृदयाच्या स्नायूत उतरायला काही तास लागतात. गोळीनंतर निदान सहा तास, जमल्यास आठ ते बारा तास गेल्यावर रक्त द्यावं. सकाळी सातच्या एसटीत बसताना गोळी घेतली आणि नऊ वाजता बेळगावात रक्त दिलं, तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसणार आणि डोस विनाकारण कमी होणार. सोपा उपाय म्हणजे डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ रात्रीची करून घ्यायची. सकाळचीच असेल तर त्या दिवशी गोळी खिशात ठेवा आणि रक्त दिल्यावर घ्या. लॅबच्या कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहायला सांगा.

डोस बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी पातळी बघण्यात अर्थ नसतो. मूत्रपिंड चांगलं असेल तरी नवी पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो, मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याहून जास्त. तालुक्याच्या प्रत्येक लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करा.

घरी काय बघायचं

येळ्ळूरची एक सून एकदा गॅसची गोळी मागायला आली होती. "मामंजींना अन्नच नको झालंय, दादा. चहा घेतला तरी उलटतोय," म्हणाली. पैसे देता देता सहज बोलून गेली की ट्यूबलाइटभोवती पिवळं कडं दिसतंय म्हणतात, मोतीबिंदू वाढला असेल. पिवळं कडं म्हटल्यावर मी तिला थांबवलं आणि घरी फोन करून सगळ्या गोळ्यांची नावं वाचून घ्यायला सांगितली. डिगॉक्सिन जुनं होतं, अमिओडॅरोन महिनाभरापूर्वी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात सुरू झालेलं, आणि लघवीची गोळी होतीच. डिगॉक्सिनची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि आजच घेऊन जा, एवढं मी सांगितलं. तपासणीत पातळी दोनच्या वर निघाली आणि पोटॅशियम कमी. ॲडमिट करून ठेवलं, औषध उतरलं, आणि मामंजी चालत घरी आले.

डिगॉक्सिन वाढल्याची सुरुवात अशीच असते. अन्नावरची वासना जाते, मळमळ होते, उलट्या होतात, विलक्षण थकवा येतो. म्हाताऱ्या माणसांत गोंधळल्यासारखं बोलणंही दिसतं. दिव्यांभोवती कडं किंवा सगळीकडे पिवळट-हिरवट झाक दिसणं सगळ्यांनाच होत नाही, पण झालं तर ते डोळ्यांच्या दवाखान्याचं काम नव्हे.

रोज सकाळी गोळीआधी नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या बाबतीत पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं फसवं ठरतं, आणि बीपीचं मशीनही कधी कधी चुकीचा आकडा दाखवतं. ६० च्या खाली आली तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ५० च्या खाली जाऊन चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला लावा.

उलट्या-जुलाब, ताप, पाणी कमी पिणं यानं मूत्रपिंडाचं काम घटतं आणि डिगॉक्सिन साचतं. आषाढीची वारी असो की सौंदत्तीची यात्रा, ऊन, चालणं आणि उपास एकत्र येतात. अशा वेळी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. पोटॅशियम कमी आहे असं ऐकून घरीच शहाळ्यांचा मारा मात्र करू नका. सोबत स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी, असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर पोटॅशियम चढून हृदय थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

ॲसिट्रॉम असेल तर

संधिवाताच्या तापानं झडपेला इजा झालेले रुग्ण आपल्या भागात अजून बरेच आहेत. झडप अरुंद, ठोके अनियमित, म्हणून डिगॉक्सिन आणि ॲसिट्रॉम सोबत. अशा रुग्णांसाठी रक्त पातळ करणाऱ्या नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा ॲसिट्रॉम आणि त्याच जातीचं वॉर्फरिन हा गटच चांगला, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही दिसलं. इथं अमिओडॅरोन आलं तर ते दोघांनाही वाढवतं. यकृतात ॲसिट्रॉम-वॉर्फरिन मोडणारं एन्झाइम ते अडवतं, त्यामुळे रक्त गरजेपेक्षा पातळ होतं. डोस एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कमी करावा लागू शकतो. वॉर्फरिनच्या बाबतीत हा परिणाम पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन सुमारे सात आठवड्यांनी शिखरावर जातो, म्हणून त्या काळात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी तपासणी, दर आठवड्याला करायला सांगतात. ठोके अनियमित असलेल्या बहुतेकांत तो २ ते ३ ठेवतात. कृत्रिम झडप बसवलेल्यांचं लक्ष्य वेगळं, जरा जास्त असतं, ते तुमच्या फायलीत लिहिलेलं असेल.

हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लालसर लघवी, न लागता उठलेले काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवा. डोक्याला मार लागला तर दुखत नसलं तरी. मेथी, पालक, शेपू सोडायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं मात्र करू नये.

बाकीच्या जोड्या थोडक्यात

व्हेरापामिल हेही हृदयाचंच औषध, तेसुद्धा डिगॉक्सिनची पातळी पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांनी वाढवतं आणि वरून ठोकेही मंद करतं. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन अमिओडॅरोनसोबत दिवसाला २० मिलिग्रॅमच्या आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमसोबत १० च्या वर जाऊ नये. मांड्या-पोटऱ्या दुखून लघवी चहासारखी झाली तर लगेच दाखवा. स्टेंटवाल्यांच्या क्लोपिडोग्रेलचं उलटं होतं: ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल त्याचं काम कमी करतं, म्हणून गॅसची गोळी लागतच असेल तर पँटोप्राझोल चालेल का ते विचारा.

गावातल्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्याला गेलात तरी यादी दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिन डिगॉक्सिन वाढवतं. टीबीचं रिफाम्पिसिन डिगॉक्सिन आणि ॲसिट्रॉम दोन्ही खाली आणतं. डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन मूत्रपिंडावर ताण देतं आणि ॲसिट्रॉमवर असलेल्यांना रक्तस्रावाचा धोका वाढवतं. इसबगोल आणि ॲसिडिटीचं पातळ औषध डिगॉक्सिनपासून दोन तास लांब ठेवा. जेष्ठमध रोज जास्त खाल्लं तर पोटॅशियम घटतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

अमिओडॅरोन बंद झालं तर

थायरॉइड बिघडला किंवा यकृताच्या तपासण्या वर गेल्या म्हणून काहींचं अमिओडॅरोन थांबवतात. थायरॉइडचं कारण साधं आहे: त्या गोळीत आयोडीन भरपूर असतं, म्हणून सुरू असताना दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत तपासायचं असतं. पण गोळी बंद झाली म्हणून परिणाम बंद होत नाही. चरबीत साठलेलं औषध कित्येक आठवडे, काही वेळा महिने, हळूहळू रक्तात येत राहतं. "आता ती बंद झाली, मग डिगॉक्सिन पुन्हा पहिल्यासारखं" असं घरीच ठरवून लगेच जुना डोस सुरू केला तर पुन्हा तोच धोका. उलट ॲसिट्रॉम कमी केलेला तसाच राहिला तर दोन-तीन महिन्यांनी आयएनआर घसरून गुठळीची भीती. म्हणून बंद केल्याची तारीख यादीवर लाल शाईनं लिहा, तिच्यापुढचे निदान तीन महिने दोन्ही तपासण्यांच्या तारखा डॉक्टरांकडून घेऊन कॅलेंडरवर टाका, आणि या काळात दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ती गोळी 'बंद' असली तरी तिचं नाव सांगा.

औषधाचा असा त्रास झाला तर त्याची नोंद रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. फोन करताना दोन्ही औषधांची मूळ नावं, सुरू केल्याच्या तारखा आणि पातळीचा रिपोर्ट हाताशी ठेवा.